मेंदूचा कर्करोग, प्रतिपिंडे आणि शास्त्राची मालकी

मार्च 2024 मध्ये अमेरिकेतील तीन संशोधनकेंद्रांचे अहवाल जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतील सर्वांत आक्रमक अर्बुदावर तिन्ही ठिकाणी एकाच जातीचा प्रयोग झाला होता. रुग्णाच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी काढावयाच्या, प्रतिपिंडाच्या धर्तीवरचा ‘शोधक’ तुकडा त्यांच्यावर बसवावयाचा आणि त्या पेशी थेट मेंदूत सोडावयाच्या, असे या प्रयोगाचे स्वरूप. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 72 वर्षांच्या एका रुग्णाची गाठ दोन दिवसांत 18.5 टक्क्यांनी आणि 69 व्या दिवसापर्यंत 60.7 टक्क्यांनी आक्रसली. वृत्तसंस्थांनी ही बातमी जगभर पोचविली. परंतु त्याच अहवालात असेही नमूद होते की, बॉस्टनच्या रुग्णांची संख्या अवघी तीन होती आणि त्यांपैकी दोघांची गाठ थोड्याच काळात पुन्हा वाढली. मथळ्यात आशा तेवढी आली. तिची मर्यादा मजकुराच्या तळाशी राहिली.

अशा बातम्यांकडे कष्टकऱ्यांच्या चळवळीतील कार्यकर्त्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? दोन चुकीच्या दृष्टी सर्रास आढळतात. जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही तेथे प्रतिपिंडांची चर्चा कशाला, हे सारे श्रीमंतांचे शास्त्र आहे, असे एक मत असते. शास्त्राने चमत्कार केला, आता प्रश्न फक्त तो परवडण्याचा आहे, असे दुसरे. पहिल्या मतात शास्त्र भांडवलदारांच्या नावावर करून टाकण्याची घाई आहे, तर दुसऱ्यात त्यांच्या जाहिरातीवर विश्वास टाकण्याची. वस्तुस्थिती या दोहोंपेक्षा गुंतागुंतीची आहे आणि ती समजावून घेणे आवश्यक आहे. कारण मेंदूच्या अर्बुदाने पछाडलेला रुग्ण गिरणगावातही असतो, इंदूरच्या कापडबाजारातही असतो आणि भिलाईच्या वसाहतीतही असतो. हे इंजेक्शन घ्यावयाचे की नाही, त्यासाठी घर गहाण टाकावयाचे की नाही, हा प्रश्न त्याच्या घरच्यांपुढे प्रत्यक्ष उभा राहतो.

रोगाचे स्वरूप

मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या ग्लिअल पेशी असतात, त्यांच्या जातीच्या पेशींपासून ग्लायोब्लास्टोमा उद्भवतो. त्याला स्पष्ट सीमा नसते. त्याच्या पेशी निरोगी मेंदूत दूरवर शिरलेल्या असतात, त्यामुळे शल्यविशारदाने डोळ्यांना दिसणारी सारी गाठ काढली तरी रोग मुळापासून जात नाही. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावयाचे हाच दीर्घकाळ प्रघात होता. 2005 साली युरोप व कॅनडातील 573 रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या गोळ्यांची जोड दिल्यास रुग्णांचे मध्यक आयुष्य 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर जाते, असे तीत दिसून आले. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर गेले. बाहेरून पाहणाऱ्याला अडीच महिन्यांची ही वाढ क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या वीस वर्षांत या रोगावरील औषधोपचारात ग्लायोब्लास्टोमाच्या सर्वसाधारण रुग्णाला मिळालेला सर्वांत भरवशाचा लाभ हाच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टेमोझोलोमाइडचा शोध ब्रिटनमधील बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात लागला आणि त्यामागे लोकवर्गणीवर चालणाऱ्या कर्करोग-संशोधन संस्थेचा पैसा होता. बाजारात मात्र ते एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या नावाने आले. प्रतिपिंडांच्या इतिहासातही हीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडलेली दिसते.

केंब्रिजची देणगी

शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला नेमके ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. प्रत्येक प्रतिपिंड आपल्या एकाच लक्ष्याला चिकटते, जणू एका कुलपाची एकच किल्ली. शरीरात मात्र अशा लक्षावधी किल्ल्यांची सरमिसळ असते. हवी ती एकच निवडून तिच्या वाटेल तितक्या प्रती काढण्याची युक्ती माणसाला साधलेली नव्हती. ती 1975 साली केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज केलर यांनी साधली. प्रतिपिंडे निर्माण करणारी उंदराच्या प्लीहेतील पेशी अल्पायुषी असते. कर्करोगाची पेशी अमर असते. या दोघींचा संकर करून, एकच प्रतिपिंड अखंड निर्माण करणारा पेशीवंश त्यांनी तयार केला. यांनाच मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून निपजलेली, प्रतिपिंडे म्हणतात. 1984 साली दोघांना, नील्स येर्ने यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

मिलस्टाइन हे अर्जेंटिनाचे. 1962 सालच्या लष्करी उठावानंतर त्यांच्या संस्थेतील सहकाऱ्यांवर बडतर्फीची कुऱ्हाड कोसळली, तेव्हा राजीनामा देऊन ते केंब्रिजला परतले. ज्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले ती ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे सर्वस्वी सरकारी पैशाची. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. पेटंटांची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी महामंडळाला त्याचा तात्काळ व्यावहारिक उपयोग दिसला नाही, हे त्याचे कारण. आणि मिलस्टाइन यांनी आपले पेशीवंश मागेल त्या प्रयोगशाळेला उदारपणे पाठविले. थोड्याच वर्षांत अमेरिकेत याच तंत्राने तयार केलेल्या प्रतिपिंडांवर पेटंटे घेतली गेली. 1980 साली तेथे सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांनी घेऊन ते कंपन्यांना द्यावे, असा कायदा झाला. ब्रिटनमध्ये पुढे ‘आपण सोन्याची खाण घालवली’ अशा अर्थाचा विलाप सत्ताधाऱ्यांनी केला. परंतु घालवले कोणी आणि कमावले कोणी? पेटंट नसल्यामुळेच ते तंत्र जगभर पसरले, आणि एका नाकेबंदीग्रस्त बेटावरच्या शास्त्रज्ञांनाही ते आत्मसात करता आले. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

मेंदूची तटबंदी

रक्तातील वा स्तनातील कर्करोगात प्रतिपिंडांनी खरोखर मोठे काम केले आहे; ते नाकारणे शास्त्राशी प्रतारणा ठरेल. मेंदूच्या अर्बुदात मात्र ती पुनःपुन्हा अडखळली. याची कारणे प्रथम निसर्गात आहेत.

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती अत्यंत घट्ट विणलेल्या असतात आणि रक्तातील बहुतेक मोठे रेणू त्या अडवून धरतात. टेमोझोलोमाइडचा रेणू लहान आहे, तो पलीकडे जातो. प्रतिपिंडाचा रेणू त्याहून सुमारे पावणेआठशे पट वजनदार. रक्तात दिलेल्या प्रतिपिंडांपैकी ढोबळमानाने हजारात एक या प्रमाणातच ती निरोगी मेंदूत पोचतात. गाठीच्या गाभ्यात ही भिंत ढासळलेली असते हे खरे. परंतु निरोगी भागात दूरवर शिरलेल्या पेशी शाबूत भिंतीच्या आड लपलेल्या असतात, आणि रोग पुन्हा उद्भवतो तो त्यांच्यापासूनच.

दुसरा अडथळा गाठीच्या अंतर्गत विविधतेचा. ग्लायोब्लास्टोमाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत ईजीएफआर नावाच्या ग्राहीची जनुके अतोनात वाढलेली असतात. हा ग्राही पेशीला ‘वाढत राहा’ असा हुकूम देत राहतो. त्यालाच नेम धरावा, ही कल्पना तर्कशुद्ध आहे. पण एकाच गाठीत काही पेशींवर हा ग्राही विपुल असतो, काहींवर नसतोच. पहिल्या मेल्या की दुसऱ्या त्यांची जागा घेतात. ईजीएफआरला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर विषारी औषध लादून ते थेट गाठीत पोचवण्याचा प्रयोग 639 रुग्णांवर झाला. या सर्वांच्या गाठींत ती जनुके वाढलेली आहेत, याची आधी खात्री करून घेतलेली होती. तरीही आयुष्य वाढले नाही. डोळ्यांच्या पारदर्शक पटलाला इजा मात्र पुष्कळांना झाली. 2019 साली कंपनीने तो कार्यक्रम बंद केला.

तिसरा अडथळा म्हणजे या गाठीच्या परिसरात रोगप्रतिकारक पेशी मुळात थोड्या आणि असतात त्याही निष्प्रभ. त्वचेच्या व फुप्फुसाच्या कर्करोगात या पेशींचा ‘ब्रेक’ काढणाऱ्या निव्होलुमॅब या प्रतिपिंडाने इतिहास घडविला. पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या 369 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार निव्होलुमॅब घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 9.8 महिने, तर तुलनेसाठी बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांचे 10 महिने होते.

‘प्रतिसाद’ आणि आयुष्य

हे बेव्हॅसिझुमॅब म्हणजे मेंदूच्या अर्बुदात आजवर सर्वांत अधिक विकले गेलेले प्रतिपिंड. त्याची कथा प्रत्येक कार्यकर्त्याने तपशिलाने वाचावी अशी आहे.

वाढती गाठ आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते. त्यासाठी ती जे प्रथिन सोडते त्याला हे प्रतिपिंड बांधून टाकते. लक्ष्य रक्तातच असल्याने मेंदूच्या तटबंदीचा अडसर येथे फारसा नाही. औषध दिल्यावर गळक्या रक्तवाहिन्या आटतात, मेंदूची सूज उतरते आणि एमआरआयच्या चित्रात गाठ लहान दिसू लागते. केवळ अशा ‘प्रतिसादा’च्या आधारावर, तुलनेसाठी उपचाराविना गट नसलेल्या चाचण्यांवरून, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे 2009 मध्ये त्याला त्वरित मान्यता दिली. त्याच वर्षी, तोच पुरावा पाहून, युरोपच्या औषध संस्थेच्या तज्ज्ञ समितीने प्रतिकूल मत दिले.

खरी परीक्षा फेब्रुवारी 2014 मध्ये झाली. नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच अंकात प्रसिद्ध झाले. एक औषध बनविणाऱ्या रोश कंपनीची, 921 रुग्णांची. दुसरी प्रामुख्याने अमेरिकन सरकारच्या कर्करोग संस्थेच्या पैशाने झालेली, 637 रुग्णांची. दोहोंत गाठ पुन्हा वाढण्यास तीन ते चार महिने अधिक लागल्याचे दिसले. आयुष्य मात्र दोहोंत वाढले नाही : कंपनीच्या चाचणीत 16.8 विरुद्ध 16.7 महिने, सरकारी चाचणीत 15.7 विरुद्ध 16.1. त्याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. कंपनीच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची जीवनमानाची पातळी अधिक काळ टिकल्याचे आढळले; सरकारी चाचणीत त्यांची लक्षणे वाढल्याचे व विचारशक्ती अधिक खालावल्याचे आढळले. औषध एकच, रोग एकच, वर्षही एकच, निष्कर्ष परस्परविरुद्ध. कोणी लबाडी केली असा याचा अर्थ नव्हे; प्रश्न कोणते विचारावयाचे आणि मोजमाप कशाने करावयाचे हे ठरविणारे हात दोन ठिकाणी वेगळे होते. सार्वजनिक पैशाने झालेली चाचणी नसती तर जगाला चित्राची एकच बाजू दिसली असती.

पुन्हा उद्भवलेल्या रोगातही 437 रुग्णांच्या युरोपीय चाचणीने 2017 साली हेच दाखवून दिले : 9.1 विरुद्ध 8.6 महिने, म्हणजे विश्वासार्ह फरक नाही. तरीही डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेने या औषधाला पूर्ण मान्यता दिली. सर्व कर्करोगांतील मिळून त्याची जागतिक विक्री 2019 साली सुमारे 7 अब्ज स्विस फ्रँकांवर गेली होती.

बेव्हॅसिझुमॅब निरुपयोगी आहे असा याचा अर्थ घेणे मात्र चुकीचे होईल. सूज उतरली की स्टेरॉइडची मात्रा कमी करता येते. लुळा पडलेला हात काही काळ हलू लागतो, माणूस घरच्यांशी दोन शब्द बोलू शकतो. मरणासन्न माणसासाठी याचे मोल मोठे आहे. पण हे औषध सूज उतरविते, आयुष्य वाढवीत नाही, हे वाक्य रुग्णाच्या घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगितले जाते काय? ‘प्रतिसाद चांगला आहे’ या शब्दांचा अर्थ वैद्यकाच्या परिभाषेत ‘चित्रातील डाग लहान झाला’ एवढाच असतो. ऐकणारा मात्र ‘माणूस वाचणार’ असा घेतो. या दोन अर्थांमधील अंतरात जमिनी विकल्या जातात आणि सावकाराची दारे ठोठावली जातात. बाजाराला ते अंतर बुजविण्याची घाई नाही.

हवानाचे प्रतिपिंड

आता त्या बेटाकडे. 1981 साली क्युबाच्या काही शास्त्रज्ञांनी हेलसिंकीला कारी कँटेल यांच्या प्रयोगशाळेत जाऊन इंटरफेरॉन तयार करण्याची पद्धत शिकून घेतली आणि क्युबात जैवतंत्रज्ञानाचा पाया घातला गेला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, 1990 नंतरच्या भयंकर टंचाईच्या वर्षांत, जेव्हा हवानात वीज आणि पाव यांची वानवा होती, तेव्हाही या क्षेत्रावरील खर्च थांबला नाही. 1994 साली रेण्वीय प्रतिकारशास्त्र केंद्र सुरू झाले. उंदराच्या प्रतिपिंडाचे मानवी शरीराला मानवेल असे रूपांतर करून तेथे ईजीएफआरविरुद्ध निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड विकसित करण्यात आले. त्याची पकड मुद्दाम मध्यम आहे : ज्या पेशींवर ग्राही दाटीने असतात तेथेच ते घट्ट बसते, निरोगी त्वचेवर सहसा नाही. म्हणून त्याच वर्गातील पाश्चात्त्य औषधांनी त्वचेवर जे उग्र पुरळ उठते, ते येथे क्वचितच आढळते. क्युबात मेंदूच्या अर्बुदांवर ते वापरले जाते. एका कॅनेडियन कंपनीने अमेरिकेत मुलांच्या मेंदूतील अर्बुदांवर त्याची चाचणी घेऊ म्हटले, तेव्हा औषध प्रशासनाबरोबर अमेरिकन अर्थखात्याचाही परवाना मिळवावा लागला; कारण औषध क्युबाचे होते. मुलाच्या मेंदूतील गाठीलाही नाकेबंदीच्या नियमातून जावे लागते, यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

परंतु येथेच कार्यकर्त्याची खरी कसोटी आहे. क्युबाविषयीच्या आत्मीयतेपोटी ‘क्युबाने मेंदूच्या कर्करोगावर औषध शोधले’ असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या क्युबाच्या चाचणीत 70 रुग्ण होते. किरणोपचाराबरोबर निमोटुझुमॅब घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 17.76 महिने, इतरांचे 12.63 महिने आढळले. आकडे उत्साहजनक आहेत; पण रुग्ण थोडे होते, आणि त्यांत ग्लायोब्लास्टोमाचे 29च, उर्वरितांचे अर्बुद त्याहून कमी आक्रमक जातीचे होते. 2015 साली जर्मनीतील सुमारे 150 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. किरणोपचार व टेमोझोलोमाइड यांना निमोटुझुमॅबची जोड दिल्याने आयुष्यात विश्वासार्ह फरक पडल्याचे तीत सिद्ध झाले नाही. औषध सुरक्षित आहे, हे मात्र दोन्हीकडे दिसले.

म्हणजे आजचा प्रामाणिक निष्कर्ष असा की, ग्लायोब्लास्टोमात निमोटुझुमॅबचा लाभ सिद्ध झालेला नाही. कंपनीच्या औषधाला जी फूटपट्टी लावावयाची तीच मित्रदेशाच्या औषधालाही लावली पाहिजे. शास्त्रीय सत्याचा निवाडा ते कोणत्या गोटातून आले यावर करण्याची किंमत काय असते, हे 1948 सालच्या लायसेन्को प्रकरणाने समाजवादी चळवळीला पुरेसे शिकविले आहे. क्युबाचे श्रेय निराळे आहे आणि ते कमी नाही. संपूर्ण संशोधन, उत्पादन आणि रुग्णसेवा एकाच सार्वजनिक छत्राखाली ठेवून एक गरीब देश प्रतिपिंडे बनवू शकतो आणि आपल्या नागरिकांना ती विनामूल्य देऊ शकतो, हे त्याने कृतीने सिद्ध केले. ते सांगावयास अतिशयोक्तीची गरज नाही.

मुंबईचा पुरावा

या प्रतिपिंडाचा पुढचा प्रवास भारतात झाला. बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने क्युबाशी भागीदारी करून 2006 साली ते डोके व मानेच्या कर्करोगासाठी भारतीय बाजारात आणले. तंबाखूने ग्रासलेल्या या देशात हा रोग अफाट आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 536 रुग्णांवर स्वतंत्र चाचणी घेतली. केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालणाऱ्या या सार्वजनिक संस्थेचा निकाल 2019 साली प्रसिद्ध झाला : किरणोपचार व केमोथेरपी यांना निमोटुझुमॅबची जोड दिल्यास रोग पुन्हा वाढण्याचे प्रमाण घटते. मेंदूत जे सिद्ध झाले नाही, त्यातले काही घशात व तोंडात सिद्ध झाले. औषधाची योग्य जागा अशी पुराव्याने ठरते.

त्याच संस्थेने आणखी एक प्रश्न विचारला, जो कोणतीही कंपनी सहसा विचारणार नाही : मात्रा इतकी मोठी हवीच काय? निव्होलुमॅबची प्रचलित मात्रा 240 मिलिग्रॅमची. तेथील डॉक्टरांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगात, जुन्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला, ती तीन आठवड्यांतून एकदा केवळ 20 मिलिग्रॅम दिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. कमी औषध विकले जाईल असे सिद्ध करण्यात विक्रेत्याला रस असण्याचे कारण नाही. म्हणून असे संशोधन सार्वजनिक पैशानेच व्हावे लागते. पांढऱ्या पेशींना प्रतिपिंडाचा तुकडा जोडण्याच्या ज्या तंत्राने 2024 साली बॉस्टनची बातमी झाली, त्याच तंत्राची रक्ताच्या कर्करोगावरील भारतीय आवृत्ती मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक केंद्राने विकसित केली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला परवानगी मिळाली. किंमत अमेरिकेच्या सुमारे एक दशांश. तथापि तीही काही दशलक्ष रुपयांच्या घरात आहे आणि विक्री खाजगी कंपनीमार्फत होते. सार्वजनिक प्रयोगशाळेत शोध आणि खाजगी गल्ल्यावर वसुली, हा जुना प्रघात येथेही सुटलेला नाही.

कायदा पुरेसा नाही

1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी मोडली आणि टेमोझोलोमाइडसारख्या गोळ्या भारतीय कारखान्यांत बनण्याचा मार्ग मोकळा झाला. 2005 च्या दुरुस्तीने ती मक्तेदारी परत आणली. परंतु संसदेत डाव्या पक्षांनी धरलेल्या आग्रहामुळे कलम 3(ड) सारखी संरक्षणे त्यात आली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला तो याच कलमाच्या बळावर. 2012 साली एका कर्करोगविरोधी गोळीचा सक्तीचा परवाना दिल्याने महिन्याचा खर्च 2,80,000 रुपयांवरून 8,800 रुपयांवर आला. या लढ्यांचे मोल मोठे आहे.

पण प्रतिपिंड ही गोळी नव्हे. गोळीचे रासायनिक सूत्र कळले की ती बनविता येते. प्रतिपिंड जिवंत पेशींच्या हौदात वाढवावे लागते, आणि पेशीवंश, पोषणद्रव्ये, शुद्धीकरणाची प्रक्रिया ही सारी कंपनीच्या तिजोरीत असते. पेटंट संपल्यावरही ज्ञानाची ही कुलपे उघडत नाहीत. समरूप प्रतिपिंड बनविणाऱ्याला पेशीवंशापासून चाचणीपर्यंत सारे नव्याने उभे करावे लागते आणि तेवढे भांडवल मूठभरांकडेच असते. भारतात बेव्हॅसिझुमॅबची समरूपे बनतात, किंमतीही उतरल्या आहेत, तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून कायद्याच्या लढाईला सार्वजनिक उत्पादनाची जोड हवी. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलिन हे त्या काळचे ‘परवडत नाही असे’ औषध होते. तेही किण्वनाच्या हौदातच बनत असे. ते कौशल्य पुढच्या पिढीच्या औषधांकडे नेण्याऐवजी 2016 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या कारखान्याची अतिरिक्त जमीन विकण्याचा व पुढे कारखान्याचीच धोरणात्मक विक्री करण्याचा निर्णय घेतला.

मागणी कोणती?

पहिली मागणी साधी आहे. मेंदूच्या अर्बुदाच्या प्रत्येक रुग्णाला वेळेवर निदान, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड मिळाले पाहिजे. ज्यांचा लाभ निर्विवाद सिद्ध झाला आहे तेच उपचार जिल्ह्याच्या रुग्णाला मिळत नसताना, न सिद्ध झालेल्या इंजेक्शनासाठी त्याला कर्जात ढकलणे हा दुहेरी अन्याय आहे. किरणोपचाराची यंत्रे मोठ्या शहरांत एकवटली आहेत. सहा आठवडे रोज तेथे राहावयाचे तर रोजंदारीवरचा माणूस उपचार अर्धवट सोडतो. यंत्राइतकाच निवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचाही प्रश्न येथे आहे.

दुसरी मागणी सत्याची. रुग्णचाचण्यांची नोंदणी भारतात 2009 पासून बंधनकारक आहे. त्यांचे निकाल, विशेषतः अपयशाचे, तितक्याच बंधनाने आणि भारतीय भाषांतून जाहीर झाले पाहिजेत. महागड्या प्रतिपिंडाची चिठ्ठी लिहिताना ‘याने आयुष्य किती वाढते, त्रास किती कमी होतो, खर्च किती येतो’ या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे रुग्णाच्या भाषेत देण्याची सक्ती हवी. कामगार संघटना आपल्या सभासदांसाठी ही मागणी आजही रुग्णालयांपुढे ठेवू शकतात.

तिसरी मागणी सार्वजनिक संशोधनाची आणि उत्पादनाची. 2012 साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने अनेक रुग्णालयांची खरेदी एकत्र करून किंमती मोठ्या प्रमाणावर खाली आणता येतात, हे दाखविले आहे. त्याच जाळ्यातून कमी मात्रेच्या, नव्या जोडणीच्या, मेंदूतच औषध सोडण्याच्या चाचण्या सरकारी पैशाने व्हाव्यात. पेशीवंशांची सार्वजनिक पेढी असावी. आणि सरकारी पैशाने लागलेल्या शोधाच्या परवान्यात किंमतीची मर्यादा लिहिलेली असावी.

ग्लायोब्लास्टोमापुढे प्रतिपिंडे आजवर पुष्कळदा हरली आहेत. अमेरिकेत मुलांच्या मेंदूतील तशाच एका असाध्य अर्बुदावर 2024 साली प्रसिद्ध झालेल्या लहानशा चाचणीत 11 पैकी 9 रुग्णांना काही ना काही लाभ झाला आणि एकाची गाठ दिसेनाशी झाली. म्हणजे दार बंद नाही. ते उघडेल तेव्हा पलीकडे कोणाला जाता येईल, हे मात्र प्रयोगशाळेत ठरणार नाही. मिलस्टाइन यांनी आपले पेशीवंश मागेल त्याला दिले, त्यातून आजचे सारे उभे राहिले. त्या देणगीवर कुंपण घालण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न संसदेत, रुग्णालयाच्या दारात आणि कारखान्याच्या सभेत विचारीत राहणे, हे या बाबतीत चळवळीचे काम आहे.